दुसरी टाकी

प्रिय आत्या,

नाटक झालं गं! काल फूलबागेजवळच्या हॉलमध्ये झालं, पडदा वेळेवर पडला, आणि आज कितीतरी दिवसांनी मी सकाळी आठपर्यंत झोपले. आईला फोनवर सगळं सांगून झालंय. पण एक गोष्ट तिला सांगून कळणार नाही, तुलाच कळेल, म्हणून हे पत्र.

तीस वर्षं तू या हिंदी मुलखातल्या आपल्या मराठी मंडळाच्या नाटकांना डावीकडच्या विंगेत स्टुलावर बसून प्रॉम्प्टिंग केलंस. अडखळणारा नायक असो की खलनायक, तुझा आवाज त्याच्यापर्यंत पोचायचा. बाबा, म्हणजे तुझा सख्खा भाऊ, विसरले तरी तेवढाच हळू, आणि तुझ्याशी वर्षभर अबोला धरलेल्या काकू विसरल्या तरी तेवढाच. "मला सगळे बराबर. ज्याचं वाक्य त्याला मिळालं पाहिजे," म्हणायचीस. आणि मी, मोठी पत्रकार बाई, तुला तटस्थपणा समजावून सांगायची!

या वेळचं नाटक मीच लिहिलं, तेही माझ्याच बातमीवरून. निवडणुकीची हवा सुरू झाली तेव्हा मी आपल्या वॉर्डातून निवडून आलेल्या पार्षदाने बांधलेल्या पाण्याच्या टाकीवर चढले होते. टाकी कोरडी ठणठणीत निघाली आणि आमच्या हिंदी पेपरात पहिल्या पानावर छापून आली. नाटकातली संपादक बाई तेच करते. तिची भूमिका अर्थात माझी! नेत्याची भूमिका खासगी बाजारात राहणाऱ्या विनायकरावांची. ते त्याच पार्षदाच्या पार्टीचे जुने कार्यकर्ते. बातमी आल्यापासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं, तालमीला मात्र रोज सर्वांच्या आधी हजर.

दवाखान्यात जायच्या आठवडाभर आधी तू मला संहिता परत दिलीस. तिसऱ्या अंकात नेत्याच्या तोंडी तू पेन्सिलीने एक ओळ घातली होतीस. "बाई, माझ्या टाकीवर चढलात. माझ्या विरोधकाच्या टाकीवर कधी चढलात?"

तीस वर्षांत तू कुणाच्या नाटकात एक शब्द घातला नव्हतास. घालायला माझंच नाटक सापडलं?

मी तुझ्या डोळ्यांदेखत ती ओळ खोडरबराने पुसली. तू चष्मा डबीत ठेवलास आणि "चहा घेणार का?" विचारलंस. भांडली का नाहीस गं? भांडली असतीस तर मीही दोन शब्द बोलले असते, तू चार सुनावले असतेस आणि विषय मिटला असता. पण तू दवाखान्यात गेलीस ती परत आलीच नाहीस. ती पुसलेली जागा मी रोज तालमीला बघत होते.

तुझ्या जागी कुणी मिळालं नाही. नवीन मुलं म्हणतात, "मोबाइल में देख लेंगे ना, दीदी." स्टूल मात्र आम्ही विंगेत ठेवलं होतं. ते उचलायला कुणाचा हात होईना.

आणि तिसऱ्या अंकात विनायकराव अडकले. नेहमीसारखे! घामाघूम होऊन डावीकडे बघतायत, तर स्टूल रिकामं. मी चार पावलांवर उभी. खरं सांगू? क्षणभर मला बरंच वाटलं. पडू दे तोंडावर, म्हटलं. नेता गप्प राहिला की संपादक बाई आपोआप खरी ठरते.

मग तुझी आठवण झाली आणि माझीच मला लाज वाटली. मी प्रेक्षकांकडे पाठ केली, टेबलावरचे कागद चाळायचं निमित्त केलं आणि हळूच त्यांना वाक्य दिलं. द्यायचं होतं संहितेतलं. तोंडातून गेलं ते तुझं!

विनायकरावांनी ते असं फेकलं म्हणून सांगू! दोन महिने मला हेच विचारायचं त्यांच्या मनात होतं, मग काय कमी पडणार? आता उत्तर देणं माझ्याकडे आलं, आणि उत्तर तर मी कधी लिहिलंच नव्हतं. आत्या, त्या वेळी मीसुद्धा डावीकडे बघितलं.

मग मी म्हटलं, "नाही चढले. चढायला हवं होतं."

एवढंच. पण काय हलकं वाटलं म्हणून सांगू तुला! माझी बातमी खरी होती, त्यात तिळभर शंका नाही. पण शेजारच्या वॉर्डातली दुसऱ्या पार्टीची टाकी नया बाजारातून घरी येताना रोज दिसते, आणि मी मान वर न करता पुढे निघून येत होते. तुला ते दिसलं होतं. माझ्याआधी दिसलं होतं.

पडदा पडल्यावर विनायकराव धावत आले. "शुभाताई, मला तर एकदम अंधेराच आला होता! ते वाक्य कुठून काढलं तुम्ही?"

"आत्याचं आहे."

"तरीच!" म्हणाले आणि डोळे पुसायला लागले. मग लगेच, "तर कधी चढता त्या टंकीवर? शिडी मी पकडतो!"

"तुम्ही? बिलकुल नाही. आणि दुसऱ्या पार्टीवालाही नाही!"

दोघंही पोट धरून हसलो. बातमी छापल्यानंतर पहिल्यांदाच.

तुझी ओळ मी संहितेत परत लिहिली आहे, या वेळी पेनाने.

आणि उद्या सकाळी त्या टाकीवर चढते आहे. गुडघा दुखतो, ठाऊक आहे, रागावू नकोस. मतदानाला अजून आठवडा आहे. कोरडी निघाली तर कोरडी लिहीन. भरलेली निघाली तर आमचे संपादक म्हणतील, "इसमें खबर क्या है?" तेव्हा ती पहिल्या पानावरच, तेवढ्याच जागेत यावी म्हणून मी त्यांच्याशी भांडेन. तू माझ्याशी भांडली नाहीस, तेवढं सगळं भांडेन.

तुझी हट्टी भाची,
शुभा