पुसायचं राहिलेलं कुंकू

न्हाय तात्या, तुमची पेटी मी भंगारात घातली न्हाय. कुनी घातलं हे तुमच्या कानात? कुलूप तेवढं गंजलंय, आनि मिशांच्या खनात उंदीर शिरला हुता, त्यानं राजाची एक आनि पाटलाच्या दोन मिशा कुरतडल्या. आमच्या माळ्यावर आता एक उंदीर पाटील हून फिरत असंल. हसू नका, खोकला उठंल. बघा, तुम्ही जाऊन एवढी वर्सं झाली तरी तुमच्या खोकल्याला मी अजून भिते. बाकी सगळं जिथल्या तिथं हाय, स्पंज, चपटे ब्रश, रंगाच्या डब्या. त्याच पेटीवर मी आता नवऱ्या मुली नटवते. बायका बोलवायला येतात आनि मी दारात गेले की एखादीच्या आईचं तोंड बारीक हुतं, माझ्या मोकळ्या कपाळाकडं बघून. मी म्हनते, "कुंकू तुम्ही लावा की वैनी, वाकडं झालं तर मला हाक मारा." शेवटाला मलाच हाक मारतात.

सिनेमाच्या स्टुडिओत मी आले ती केरसुनी घेऊन. मालक शिरोळकडं ऊसतोडीला गेले आनि तिथंच तापानं गेले, लग्नाला तीन वर्सं झालती, मला एकविसावं लागलंतं. सासूनं दुसऱ्या दिवशी भिंतीवरचा आरसा काढला आनि ट्रंकंत घातला. "तुला आता कशाला लागतोय," म्हनाली. वाईट बाई नव्हती ती, तिच्यासंगं तिच्या सासूनं तसंच केलंतं. मी आपली बोटानं चाचपून भांग पाडायची. वर्सभरानं थोरल्या भावजींनी स्टुडिओच्या गेटवाल्याला सांगून मला झाडायच्या कामाला लावलं. आनि तुम्ही तिथं मेकपमन. नट मुंबईचा असो न्हायतर आमच्या गल्लीतला, तुमच्या खुर्चीत बसल्याबगार कॅमेऱ्यापुढं जात नव्हता. तुमच्या खोलीत त्यो मोठा आरसा, भवतीनं बल्ब लावलेला. मी खोली झाडताना त्याच्याकडं पाठ करून झाडायची, मागं मागं सरकत. एकदा तशीच सरकत येऊन तुमच्या पायावर बसले. "खेकड्याची जात हाय काय गं तुझी?" म्हनालासा. ती आपली ओळख.

मग त्यो दिवस. हळदीकुंकवाचा देखावा हुता आनि गर्दीतली एक बाई आली न्हाय. डायरेक्टरनं इकडं तिकडं बघितलं आनि माझ्याकडं बोट केलं, तिला बसवा. मी म्हटलं, साहेब, मी चालायची न्हाय. का न्हाय, ते सांगायला तोंड उघडंना. तुम्ही मला खोलीत नेलासा, खुर्चीत बसवलासा, ओल्या फडक्यानं तोंड पुसलासा आनि म्हनालासा, "आधी हे बघ." तुमची ती रीतच हुती, रंग लावायच्या आधी हर एकाला त्याचं कोरं तोंड बघायला लावायचं. नटव्या बायका चिडायच्या. "हे तुझं. ह्याला मी हात लावत न्हाय," तुम्ही म्हनायचासा. "वरचं सगळं माझं. सांजच्याला परत घेनार." आनि घ्यायचासाबी. तुमच्या हातचा रंग घेऊन एकबी तोंड गेटाबाहेर गेलं न्हाय, ह्याचा तुम्हाला भारी ताठा.

मी डोळं मिटून बसले. तुम्ही म्हनालासा, "काय दिसतंय?" मी म्हटलं, "विधवा." तुम्ही चष्मा काढून पुसलासा, परत लावलासा, माझ्या तोंडाशेजारी तोंड आनून आरशात बघितलासा. "मला नाक दिसतंय. दोन डोळं. गालावर देवीचा वन. दात जरा पुढं हाईत. विधवा कुठं दिसंना बाबा." मी म्हटलं, "चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा." तर तुम्ही म्हनालासा, "वाढू दे. तू तरी डोळं उघडून बघ, तुझा नंबर कळंल." दोन वर्सांनी मी माझं तोंड बघितलं तात्या. मला वाटलं हुतं म्हातारी झाली असंन. न्हाय झालते. त्याचंच मला रडू आलं.

कुंकू म्हनून तुम्ही जे लावलासा ते लाल नव्हतंच. काळ्या-पांढऱ्या सिनेमात लाल फिकं पडतं, म्हनून तुम्ही गडद तपकिरी ठिपका द्यायचासा. "हे कुंकू न्हाय, रंग हाय," म्हनालासा, माझा जीव भांड्यात पडावा म्हनून. पडला. त्यानंतर सात-आठ सिनेमांत मी सवाशीन झाले. बाजारात, बारशात, लग्नाच्या पंगतीत. घरी सांगितलं, झाडायचं काम वाढलंय. सिनेमात माझी पाठच दिसायची, आनि पाठीवर कुनी विधवा लिहिलेलं नसतंय. मोकळ्या वेळात तुमच्या हाताखाली मिशा इंचरायला, गोंद लावायला शिकले.

पन एक खोड हुती माझी, ती तुम्हीच धरलासा. मी सेटवर गेले की आधीच वरडायची, "आली बघा पांढरी पाल, शकुन बघून कामाला लागा." लोक पोट धरून हसायचे. मलाबी बरं वाटायचं. एक दिवस च्याच्या सुट्टीत तुम्ही मला बाजूला घेतलासा. आवाज चढवला न्हाय. म्हनालासा, "दुसऱ्यानं मारायच्या आधी तूच आपल्याला मारून घेतीस, म्हंजे त्याचा हात रिकामा ऱ्हातो. लई शहानी हाईस. पन मार तर बसतोच की गं. हसवायचं तर हसव, देवानं जीभ दिलीया. आपल्याला हानून हसवू नको." दोन दिवस मी तुमच्याशी बोलले न्हाय. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "तात्या, सगळ्या कोल्हापूरला केस लावता आनि आपलं टक्कल तसंच?" तुम्ही टकलावरनं हात फिरवलासा. "स्टुडिओत येवढं एकच डोकं खरं हाय, ऱ्हाऊ दे," म्हनालासा, आनि आपला च्या माझ्या बशीत ओतलासा. पांढरी पाल मी परत कधी झाले न्हाय. तोंडाला यायची, तिथंच गिळायची. सोपं न्हाय ते. बाईला लोकांनी दिलेलं नाव टाकता येतंय एक वेळ, पन आपनच आपल्याला दिलेलं नाव लई चिवट.

मग रंगीत आला. स्टुडिओच्या मालकांनी पहिला रंगीत सिनेमा काढायचा ठरवला. लोक म्हनायला लागले, रंगीताला मुंबईचा मेकपमन पायजे, म्हाताऱ्याला झेपायचं न्हाय. तुमच्या कानावर ते आलंतं. तुम्ही घरी दिव्याच्या उजेडात स्वतःच्या हातावर रंग लावून बघत बसायचासा, मनगटापासनं कोपरापर्यंत पट्टं पट्टं. त्या सिनेमातबी बारशाचा देखावा हुता आनि मी पुढच्या रांगेत. मी खुर्चीत बसले, आरशात बघितलं, तुम्ही पुसलासा, सगळं रोजच्यासारखं. मग तुम्ही एक नवी डबी काढलासा आनि उघडून तशीच हातात धरून हुबं ऱ्हायलासा. लाल हुतं आत.

"आज तपकिरी चालत न्हाय," म्हनालासा. "आज ह्येच लावावं लागतंय. नको असंल तर सांग, मागं बसवतो. पाठ दिसंल."

मी म्हटलं, "किती दिस पाठच दाखवू तात्या?"

तुम्ही बोट लालात बुडवलासा, सदऱ्याला पुसलासा, परत बुडवलासा. मी म्हटलं, "घाबरताय कशानं? लगीन लावताय काय माझ्यासंगं?" तर, "गप बस भवाने, वाकडं हुईल," म्हनालासा. वाकडं झालं न्हाय. तेवढं गोल कुंकू माझ्या लग्नातबी कुनी लावलं नव्हतं.

त्या सांजेला ते पुसायचं राहिलं. नटाची दाढी गोंदानं घट्ट बसलीती, तुम्ही तिच्या मागं लागलावता, गडबड हुती, आनि मी घरी चालले. रस्त्याला लागल्यावर मागनं एक म्हातारी आली, "पोरी, मंडईची वाट हीच काय गं?" म्हनून माझ्या हाताला धरून चालली. साळुंकीसारखी बडबडत हुती, सुनांच्या कागाळ्या सांगत हुती. कोपऱ्यावरची फुलवाली, जी मला बघून रोज गजरे झाकायची, ती म्हनाली, "घ्या की वैनी, ताजं हाईत." मी न्हाय म्हटलं, तरी तिनं दोन फुलं हातावर ठेवली. घराच्या दारात सासू बसलीती. तिनं वर बघितलं. वरडली न्हाय. नुसतं म्हनाली, "कुनाच्या नावाचं?" आनि मग थोरलं भावजी बाहेर आले.

त्यांनी घागरीतलं पानी घेतलं आनि धोतराच्या सोग्यानं माझं कपाळ घासलं. तुमचा रंग पान्यानं निघतोय काय? तेल लागतंय त्याला. ते जेवढं घासतील तेवढं पसरत गेलं, भुवयांवर, नाकावर, सगळं तोंड लाल. मी सांगितलं न्हाय की तेल आना.

सकाळी भावजी गल्लीतल्या दोघांना घेऊन गेटावर आले. मी पान्याच्या टाकीमागं. त्यांनी तुमच्या सदऱ्याला हात घातला, आमच्या घरच्या विधवेला कुंकू लावतोस व्हय रं म्हाताऱ्या. सगळा स्टुडिओ बघतोय. तुम्ही हात जोडलासा. "चूक माझी हाय पावनं. वय झालं. पुसायचं राहिलं माझ्याकडनं. पोरीला काय म्हाईत, आरसा कुठाय तिच्या घरात." मॅनेजर बाजूला हुबा हुता. त्याला येवढंच पायजे हुतं. रंग पुसायचं ज्याला ध्यानात ऱ्हात न्हाय त्यो रंगीत सिनेमा काय करनार, असं त्यो मालकापाशी बोलला, आनि पंधरा दिवसांत मुंबईचा मानूस तुमच्या खुर्चीमागं हुबा ऱ्हायला. जाताना तुम्ही पेटी माझ्याकडं दिलासा. "तुझा हात बसलाय. माझ्या ध्यानाचा आता भरवसा न्हाय," म्हनालासा.

भावजींनी मला घराबाहेर काढलं न्हाय. पन वर्सभर माझ्या हातचं पानी घेतलं न्हाय. आता त्यांस्नी दिसत न्हाय आनि माझ्याच हातचं सगळं घेतात. त्यांची दाढी मी करते. वस्तरा गळ्यावर आला की हळूच म्हनते, "हलू नगा भावजी, हाताचा भरवसा न्हाय." ते पुतळ्यासारखे बसतात. एवढी चेष्टा मी करनारच, तुम्ही रागावला तरी.

दर शनवारी मी तुमच्याकडं यायची, भाकरी आनि दही घेऊन. त्यात तुम्ही हळूहळू कसं झालासा ते मी बघितलंय. पयल्यांदा किल्ली दोनदा चाचपायला लागलासा. मग दार लावलं काय, चूल इझवली काय, सुनंला चारदा इचारायचासा. ती म्हनायची, काय झालंय मामंजींना, आधी असे नव्हते. तुमचं ध्यान चांगलं हुतं तात्या. सगळ्या नटांची नाकं-डोळं तुम्हाला शेवटपर्यंत पाठ. पन आपन इसरतो, असं एकदा मनानं घेतलं की मानूस तसाच वागायला लागतोय. तुम्हीच मला हे शिकवलंतं, उलट्या बाजूनं.

शेवटच्या शनवारी तुम्ही माझा हात धरलासा. खोकला थांबल्यावर म्हनालासा, "पोरी, एक सांग. त्या दिवशी मी तुला कुंकू पुसायला कापूस दिलता काय गं? मला दिल्यासारखं वाटतंय. पन लोक म्हनतात, राहिलं. मी रोज आठवून बघतो." मी तुमच्या तोंडाकडं बघितलं. रंग न्हाय, काय न्हाय, कोरं. मी म्हटलं, "न्हाय तात्या, गडबड हुती, राहिलं." तुम्ही मान हलवलासा आनि भिंतीकडं तोंड केलासा. मंगळवारी तुम्ही गेलासा.

हे मी पुतनीच्या वहीची पानं फाडून लिवतेय. ती इचारते, काकू, कुनाला लिवतीस? सांगितलं, किरान्याची यादी हाय. पत्र टपालात टाकायचं नसलं की मानसाला खरं लिवता येतंय. तर ऐका.

कापूस तुम्ही दिलता. तेलात बुडवून, पिळून, माझ्या तळहातावर ठेवलासा, आनि म्हनालासा, "आज तुझं तू पूस." मी आरशापुढं गेले. हात कपाळापर्यंत नेला. मग कापूस खिडकीतनं बाहेर टाकला. तुमच्यावर येईल, हे मला तवाच कळलंतं. तरीबी मी तशीच गेले.