टू-सेव्हन्टीचा धक्का

हौगांग, मंगळवार संध्याकाळ

निखिलची नोकरी गेली, इथे राहायचा पास रद्द झाला, या महिन्यात सिंगापूर सोडायचं. आणि हा निखिल, माझा नवरा, सोफ्यावर पडून शिकारीच्या रायफलींचे व्हिडिओ बघतोय! हरणाला कुठल्या मापाची गोळी, सांबरासारख्या मोठ्या जनावराला कुठली. टू-सेव्हन्टी की थर्टी-ओ-सिक्स? मी मासे साफ करायला घेतले की जो खिडकीशी जाऊन उभा राहतो, तो म्हणे शिकार करणार.

पुण्यात राहायचं कुठे, ईराच्या शाळेचं काय, असं विचारलं की एकच उत्तर, "बघू." गोळीवर मात्र तासभर बोलेल. ईरा म्हणालीसुद्धा, "पप्पा, हिअर वन बुलेट ऑल्सो कॅनॉट, ला." म्हणजे इथे एक गोळीसुद्धा बाळगता येत नाही. पोरीच्या बोलण्यावर साधा हसलाही नाही.

दुपारी कपाटावरची मोठी बॅग मी एकटीनेच उतरवली. तेव्हापासून उजवा खांदा ठणकतोय. कुणाला सांगायचं? बाम चोळला आणि भांडी घासली. भांडायचंही त्राण उरलेलं नाही.

आत्ता जेवताना अचानक म्हणाला, "ठरलं. टू-सेव्हन्टीच."

इतक्या दिवसांत याने काहीतरी ठरवलं तरी. मीही वेड्यासारखं विचारलं, "का रे?"

"गोळी झाडली की खांद्याला धक्का कमी बसतो. तुलासुद्धा झेपेल. उजवा खांदा दुखतोय ना तुझा? दुपारी बॅग काढताना लचकला तो."

म्हणजे बघत होता. सोफ्यावरून सगळं बघत होता, आणि उठला नाही.