बाजरीवरची टेप

गोरखदादा,

तुझ्या कॅसेटी पेनड्राईव्हवर उतरवून घ्यायला मी मंचरला गेले व्हते. रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तू विलायती स्टेशनावरची रॉक गाणी भरायचास आणि आमाला शिंकूसुद्धा द्यायचा न्हाईस, त्याच. तिथला निवेदक मनाला येईल ते लावायचा, म्हणून तुला लई आवडायचा.

दुकानदार म्हणला, "ताई, मधीमधी एक बाई बोलतीय. काढू का?"

मला वाटलं, रेडिओवालीच असंल. ऐकलंबी न्हाई. म्हणलं, "काढा. नुसती गाणी ठेवा." पेनड्राईव्ह घेऊन घरी आले आणि कॅसेटीतली टेप पाखरं उठवायला बाजरीवर ताणली.

काल तुझा फोन आला. "साधने, गाणी काय, मोबाईलवर मिळत्यात. मधीच आई 'गोरख, भाकर निवली' म्हणून वरडायची, ते पाहिजे मला. तिचा दुसरा आवाज कुठं राहिलाय आपल्याकडं?"

मी म्हणलं, "हाय की सगळं. पाठवते."

हे पत्र पाठवायची मात्र छाती व्हत न्हाई. सकाळपासनं टेप सोडवतीय, हातात तुकडंच येत्यात. वारं सुटलं की राहिलेली टेप घुमती, पाखरं उठत्यात. दादा, आई कुठल्या ओळीवर हाय, तेवढंच कळंना.

अजून वावरातच असलेली,
साधना