खाली ठेवा म्हणायचा हक्क

बाबा, मी सध्या तोफा बनवते. कागदावरच्या. वर्तमानपत्राचा मजकूर, शाळेची पुस्तकं, रेडिओच्या श्रुतिका असं सगळं मुदतीत लिहून देत आले, आता पुण्याच्या एका प्रकाशकासाठी खेळ लिहिते आहे. पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि नेम लागला की चुकला हे फासे ठरवतात. माझी गोष्ट शनीच्या पलीकडे घडते. तिथे जुन्या युद्धातून उरलेली एक तोफ आहे, एका गोळ्यात अख्खं अवकाशयान उडवणारी. ती मी हौसेनं घातली आणि तिनंच खेळ खाल्ला.

खेळ छापायला देण्याआधी खेळून बघावा लागतो, म्हणून दर रविवारी दुपारी वर्ध्याच्या माझ्या घरी चौघं येतात. त्यातला एक माझा कॉलेजपासूनचा मित्र, औषधाचं दुकान चालवतो, आवाज मोठा. तोफ अर्थातच त्यानं घेतली. दुसरी सेवाग्रामला दवाखान्यात रक्त तपासणारी एक मुलगी, अगदी कमी बोलणारी. शत्रू दिसला की मित्र फासे टाकायचा आणि शत्रू संपायचा. मी तोफेचा मारा निम्मा केला. "हे काय, दिवाळीतलं रॉकेट बनवलं का तुनं?" तो म्हणाला, आणि त्याचं खरं होतं. मग गोळे तीनच दिले, तर सगळे ते जपून ठेवायला लागले आणि जरा अडलं की तोफेकडेच बघायला लागले. मग फासा वाईट पडला तर तोफ बिघडेल असं केलं, तर ती दुरुस्त करण्यातच दुपार गेली. तिसऱ्या रविवारी ती मुलगी चप्पल घालताना म्हणाली, "ताई, पुढच्या वेळी मी नाई येत. माझा नंबर येतपर्यंत सारं खतम होऊन राह्यते. नुसतं पाहाले काऊन येऊ?" खेळाच्या पुस्तकातलं तोफेचं प्रकरण महिनाअखेरीला द्यायचं होतं आणि मुदत मी चुकवत नाही, वाईट प्रकरणही वेळेवर दिलं असतं. पण सहा दिवस ड्यूटी करून ही मुलगी आपली एकुलती एक सुट्टी माझ्याकडे घालवत होती, आणि मी तिला नुसतं बसवून ठेवलं होतं. तिच्याकडून कसाबसा आणखी एक रविवार मागून घेतला.

त्या आठवड्यात तुम्ही आठवलात. पुलगावला क्वार्टर सोडून आपण आपल्या घरी निघालो, तो दिवस. मी दहा वर्षांची. लष्कराच्या दारूगोळ्याच्या डेपोत तुम्ही काय करता असं विचारलं की तुम्ही "वजन उचलतो" एवढंच सांगायचात, म्हणून त्या दिवशी मी फार लक्ष देऊन बघते आहे. लोखंडी आलमारी पायऱ्यांवरून उतरवायची आहे. दोन मामा आणि शेजारचे काका खांदे लावून उभे आहेत, चौथे तुम्ही. मला तुम्ही समोर उभं करता, हात रिकामे ठेवून. "उचल म्हणाचं ते तू. आम्हाले आमचे पाय दिसत नाई." मोठा मामा हसतो. "भाऊजी, आता पोरीच्या हुकुमानं चालाचं का?" तुम्ही म्हणता, "जो उचलते त्यानं हुकूम द्यायचा नाई. आमच्या टोळीत असंच आहे." मी "उचला" म्हणते, आलमारी उठते, आणि दुसऱ्याच पायरीवर मला एकदम भीती वाटते. मी ओरडते, "खाली ठेवा!" आलमारी खाली टेकते. मामा घामाघूम. "काऊन वं, काय झालं?" काहीच झालेलं नव्हतं. मी रडायच्या बेतात असते. तुम्ही वळूनही बघत नाही. "तिले विचारू नोका. ठेवा म्हटलं का ठेवाचं. नवीन माणूस म्हणो का जुना." मग म्हणता, "विचारलं, तर पुढच्या बारीले ते म्हणणार नाई." आम्ही पुन्हा उचलली.

मी तोफेचा मारा होता तेवढा परत केला, गोळ्यांची मर्यादा काढली, आणि हात वाढवले. दोघांनी पेलायची, तिसऱ्यानं नेम धरायचा, आणि जिचे हात रिकामे तिनं सांगितल्याशिवाय गोळा सुटायचा नाही. खाली ठेवा मात्र कोणीही म्हणू शकतं, आणि ते लगेच ऐकायचं. रविवारी सांगायचं काम त्या मुलीकडे आलं. शत्रूचं यान समोर, मित्राच्या मुठीत फासे, आणि ती म्हणाली, "ठेवा खाली."

"अवं काऊन? समोर तर आहे तो!"

"त्याच्या मागं पाहा ना, दादा. आपलाच तळ आहे."

सगळे नकाशावर वाकले. होता. नकाशा माझा, तरी माझ्याही लक्षात आलं नव्हतं. त्या यानाला तळापासून दूर न्यायला पुढचे दोन तास लागले, आणि त्यातला अर्धा वेळ ती मुलगीच बोलत होती. निघताना तिनं पुढच्या रविवारची वेळ विचारली.

चहा पिताना मित्र म्हणाला, "जमलं बाप्पा. पण हे तुले सुचलं कसं?" मी म्हटलं, "असंच, लिहिता लिहिता."

तुमचं नाव घेता आलं नाही. कॉलेजात आमच्या आजूबाजूला खादी होती, सूत होतं, शांततेवरची भाषणं होती, आणि वडील काय करतात असं कोणी विचारलं की मी "रेल्वेत आहेत" म्हणायचे. पुलगावला रेल्वे आहेच, कोणी खोदून विचारलं नाही. तुमच्या हे कधी कानावर गेलं का, माहीत नाही. आता तुम्ही नाही, तुम्हाला लिहिणं सोपं आहे, हे कुठल्या पेटीत टाकायचं नाही. सांगायला हवं ते त्या मित्राला. प्रकरण वेळेवर गेलं, तो कालच्या रविवारीही येऊन गेला, बराच वेळ बसला. त्याच्या लेखी तुम्ही अजून रेल्वेतच आहात.