मीठवाल्याचं अळणी व्रत

२० जुलै, सकाळ
आजपासून रोजनिशी. पुढे लोक विचारतील, किरीटभाई, हे जमलं कसं? तेव्हा तारखा हाताशी असलेल्या बऱ्या.

वजन ९१. काटा स्वयंपाकघरात ठेवला तर ९२ दाखवतो, म्हणून हॉलमध्ये ठेवला. लादी तिथली खरी सपाट आहे.

मुदत: नवरात्र. कारण लिहून ठेवतो, म्हणजे ढिलाई होणार नाही. गेल्या वर्षी अष्टमीला सोसायटीच्या चौकात गरबा रंगात आला असताना मला दम लागला. दोन मिनिटं खुर्चीवर बसलो. बत्तीस वर्षं फेरात पुढे मी आणि मागे माझी बायको, रंजन. त्या दिवशी माझी जागा रिकामी झाली आणि बटुकभाई तिथे शिरले. बटुकभाई म्हणजे आमचे शेजारी. माझं मीठ त्यांच्या ट्रकमधून जातं. वय साठ, पोट पाटासारखं. आरतीपर्यंत रंजनच्या पुढे तेच नाचले. शेवटपर्यंत खेळणाऱ्यांना लहाणी, म्हणजे भेट म्हणून स्टीलचा डबा मिळाला. रंजनला एक, बटुकभाईंना एक. मला नाही.

त्या डब्यात आता आमचं जिरं असतं. रोज फोडणीच्या वेळी दिसतो.

रंजन त्यावर एक अक्षर बोलली नाही. तेच लागलं.

२० जुलै, दुपार
टोरांटोहून झंखनाचा व्हॉइस मेसेज. भात, पोळी, साखर, बटाटा बंद. पनीर, तूप, पालेभाजी, बदाम चालू. पोरगी हुशार आहे, पण लांबण लावते. मेसेज बराच मोठा होता, मुद्द्यापुरता ऐकला. पुढे पाणी, मीठ वगैरे सुरू झालं तेव्हा बंद केला. तीस वर्षं मिठाचा धंदा करणाऱ्या बापाला लेक मीठ शिकवणार!

२१ जुलै
भावनगरात सकाळी गाठिया न खाता ऑफिसला जाणारा मी आज एकटाच असेन. दुकानासमोरून न जाता पलीकडच्या फुटपाथवरून गेलो. वास रस्ता ओलांडतो.

२४ जुलै
झंखनाला विचारलं, गाठिया बेसनाचा असतो, बेसन म्हणजे डाळ, डाळ म्हणजे प्रोटीन, मग? नाही म्हणाली. तिकडे बर्फाच्या देशात बसून नाही म्हणायला काय जातं.

२ ऑगस्ट
८७.५!! झंखना म्हणते, पप्पा, हुरळू नका, पहिल्यांदा पाणीच उतरतं. पोटच्या पोरीला पण कौतुक बघवत नाही.

डोकं जरा दुखतं. रंजन ताकात चिमूटभर मीठ जास्त घालून देते, मग थांबतं. योगायोग.

१७ ऑगस्ट
सातम-आठम झाली. सातमला चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशी केलेलं थंडच खायचं. केलेलं काय, तर थेपले, पुऱ्या, मोहनथाळ. घरात दुसरं काही नव्हतं. धर्म तो धर्म.

८९.५.

दुपारी गोदामात उदास बसलो होतो. समोर मिठाच्या गोण्या. पावसाळी हवा, सगळ्या गोण्या घामेजलेल्या, खाली लादीवर पाण्याची थारोळी. आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. मीठ पाणी ओढतं! गोणीत ओढतं तर पोटात का नाही ओढणार? माणूस फुगतो तो मिठानं. ही गोष्ट तीस वर्षं डोळ्यांसमोर होती, आणि एकाही डॉक्टरला दिसली नाही. बरोबरच आहे, त्यांच्याकडे गोदाम नाही.

निर्णय: उद्यापासून मीठ पूर्ण बंद. आतलं जुनं मीठ धुऊन काढायला दिवसाला सहा लिटर पाणी.

रंजनला सांगितलं. म्हणाली, अहो, मिठाच्या व्यापाऱ्याच्या घरात अळणी? लोक म्हणतील माल खोटा आहे यांचा.

१८ ऑगस्ट
बटुकभाईंना कळलंच. भर चौकात म्हणाले, किरीटभाई, अळणी व्रत तर कुंवार पोरी धरतात, चांगला नवरा मिळावा म्हणून! आणि ते आषाढात असतं, तुम्हाला उशीर झाला. बरं, तुम्हाला चांगला नवरा मिळाला तर आमच्या रंजनबेननं कुठे जायचं?

सगळा चौक हसला. रंजनही हसली. नोंद घेतली आहे.

२० ऑगस्ट
गोदामाच्या वजनकाट्यावर ट्रक चढत असताना मलाच चक्कर आली. पहाटे पोटऱ्यांत गोळे. जुनं मीठ बाहेर पडताना झटापट करणारच.

२३ ऑगस्ट
रंजननं हत्यारं टाकली. आता माझ्यापुरतं सगळं वेगळं, बिनमिठाचं करते. वाटलं होतं घशाखाली उतरणार नाही. पण छे! पनीर, भाजी, ताक, सगळं चवदार. म्हणजे आठवड्याच्या आत जीभ सुधारली. मीठ ही नुसती सवय आहे.

गोळे बंद. चक्कर बंद. याला म्हणतात मनाचा निग्रह.

संध्याकाळी बटुकभाईंना घरी बोलावून समजावून सांगितलं, की जिभेला शिकवलं की जीभ शिकते. त्यांनी रंजनकडे बघितलं. रंजन नळ नीट बंद झालाय का ते बघत होती.

२९ ऑगस्ट
८६. गरब्याचा घेरदार अंगरखा, केडियूं, घालून पाहिलं. श्वास सोडला तर बंद लागतात.

गच्चीवर चोरून सराव करत होतो, रंजननं पकडलं. म्हटलं, ये. दोन फेरे घेतले आणि ही गुडघा धरून कठड्यावर बसली. म्हणे डास चावला. डास चावून कोणी बसतं का? माझा वेग झेपला नाही, दुसरं काय. मनातून फार बरं वाटलं. सावकाश घेईन म्हटलं, घाबरू नको.

५ सप्टेंबर
रंजन जुनागढला गेली. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. निदान आठवडा.

फ्रिजमध्ये ताकाची मोठी बाटली भरून ठेवली आहे. निघताना म्हणाली, हे आहे तोवर हेच प्या. संपलं की नव्यात थोडं मीठ घाला. भाजीतही घाला. माझी शपथ आहे.
हो म्हटलं. कशाला हो, ते तिनं विचारलं नाही.
रिक्षात बसली, पुन्हा उतरली, फाटकापाशी येऊन पुन्हा तेच सांगून गेली. बायकांना एक गोष्ट एकदा सांगून समाधान होत नाही.

७ सप्टेंबर
ताक संपलं. स्वतः रांधतो आहे. तेच पनीर, तोच पालक, तेच तूप, आणि चव म्हणून नाही. चिखल. रंजन हेच बिनमिठाचं करायची तर ताट चाटून पुसून खायचो. म्हणजे चव तिच्या हाताला आहे. बत्तीस वर्षांत तिला हे कधी सांगितलं नाही याचं आज खरंच वाईट वाटलं. लगेच फोन केला. म्हटलं, रंजन, तू नसलीस की जेवणाला चव नाही.

मला वाटलं डोळ्यांत पाणी आलं असेल.
मग म्हणाली, अहो, मीठ घाला.

९ सप्टेंबर
डोकं ठणकतंय. गोळे परत आले. मळमळ. शोध लावला: पाणी कमी पडतंय. सहाचे आठ लिटर केले. ऑफिसात कामापेक्षा बाथरूमला जास्त जातो. पण त्यातही चालणं होतं.

१० सप्टेंबर
बटुकभाई म्हणाले, किरीटभाई, तोंड उतरलंय तुमचं, जरा ताक-मीठ घ्या. म्हटलं, तोंड नाही, वजन उतरलंय. गेल्या वर्षी ज्यांनी माझी जागा घेतली त्यांना आता माझी काळजी वाटायला लागली. भीती वाटत असणार.

११ सप्टेंबर
८३.५!!!

आज मुनीमजींना दोनदा बापूजी म्हणून हाक मारली. बापूजींना जाऊन अकरा वर्षं झाली. मुनीमजींनी दोन्ही वेळा ओ दिली, चांगला माणूस.
अक्षर वाकडं येतंय. बोटं बारीक झाल्यामुळे पेन सुटतं.
उद्या मिठागरावर माल बघायला पार्टी येणार आहे. केडियूं घालून जावं का?

१४ सप्टेंबर, दवाखाना
डाव्या हाताला सुई आहे, उजव्यानं लिहितो.

परवा मिठागरावर पार्टीला माल दाखवत होतो. समोर मिठाचा ढीग, दुमजली घराएवढा, उन्हात पांढराशुभ्र. म्हणालो, बघा शेठ, असलं मीठ गुजरातभर फिरलात तरी... आणि पुढचं आठवत नाही. ढिगावरच पडलो म्हणून लागलं नाही. बटुकभाईंनी ट्रकमध्ये घालून इथे आणलं. पार्टीचं काय झालं विचारलं, तर म्हणाले, घाबरली, पण सौदा करून गेली.

डॉक्टर मकवाणांनी रक्त तपासलं. मग विचारलं, काका, काय करता? म्हटलं, मिठाचा व्यापार. त्यांनी पेन खाली ठेवलं.

त्यांचं म्हणणं असं: पोळी-भात-साखर बंद केली की शरीर पाणी सोडतं, आणि त्या पाण्याबरोबर मीठही सोडतं. अशा वेळी मीठ नेहमीपेक्षा जरा जास्तच लागतं. तुम्ही ते बंद केलंत, आणि वरून घागरी ओतून होतं नव्हतं ते पातळ केलंत. अजून दोन दिवस गेले असते तर फिट आली असती, काका, आणि मग मी काही करू शकलो असतो की नाही सांगता येत नाही.
मी गोण्यांचं उदाहरण दिलं. म्हणाले, काका, तुम्ही गोणी नाही.

रंजन पहिल्या बसनं आली होती. आधी रडली, मग ओरडली, मग परत रडली. मग माझा फोन घेतला आणि झंखनाचा मेसेज पुढे लावला, मोठ्या आवाजात. सगळा वॉर्ड ऐकत होता. ...आणि पप्पा, सगळ्यात महत्त्वाचं आता सांगते, मीठ सोडू नका. ताकात मीठ घाला, पालक खा, नारळपाणी थोडं थोडं प्या, तहान लागेल तेवढंच पाणी प्या. तुम्ही हे ऐकणार नाही मला माहीत आहे, म्हणून मम्मीला वेगळं सांगितलंय.

शेजारच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, पोरगी किती नीट सांगते हो.

मग रंजननं कबूल केलं. चक्कर आली त्या पहिल्या तीन दिवसांनंतर माझ्या प्रत्येक घासात मीठ होतं. ताकात, पनीरमध्ये, भाजीत. मिठाचा डबा भिंतीकडे तोंड करून उघडायची म्हणे.

मला फार लागलं. मीठ घातल्याचं नाही. तो निग्रह मग कुणाचा होता?

१५ सप्टेंबर
बटुकभाई भेटायला आले. मिठाची पुडी घेऊन. म्हणाले, जखमेवर चोळायला आणली होती, पण डॉक्टर म्हणतात पोटातच द्या.
हसलो. सुई दुखली.

१७ सप्टेंबर, घर
यंदा गरबा नाही. डॉक्टरांनी लिहूनच दिलंय. मी म्हटलं, शेवटच्या दिवशी एक फेरा? रंजननं कागद माझ्या हातातून काढून घेतला.
केडियूं कपाटात वर ठेवून दिलं. आता बंद श्वास न सोडताही लागतात.

२३ सप्टेंबर
काल पहिला गरबा. मी खुर्चीवर. मांडीवर लोकांच्या पर्सा, पायाशी चपला, हातात मिठाचं ताक. येणारा-जाणारा प्रत्येक जण, घ्या किरीटभाई, घोट घ्या, असं म्हणून जातो.

रंजन फेरात. तिच्या पुढे बटुकभाई. दोन महिने ज्यासाठी गाठिया सोडला ते सगळं जिथल्या तिथे. तिसऱ्या फेऱ्यानंतर ती बाहेर आली आणि शेजारची खुर्ची ओढून बसली. म्हटलं, अगं जा, मी ठीक आहे, तू खेळ.

म्हणाली, गेल्या वर्षी पण असंच म्हणालात. मी तुमच्यामागोमाग निघाले होते. तुम्ही हातानं जा, जा केलंत, म्हणून गेले. दोन वर्षं झाली, गुडघा दुखतो माझा. मला कुठे नाचायचं असतं आता? तुम्हाला हौस, म्हणून मी येते.

मी म्हटलं, मग त्या दिवशी काही बोलली का नाहीस?
म्हणाली, तुम्ही दमलात हे तुम्हाला सांगू? घरात राहायचंय मला.

जिला बसायचं होतं तिच्याबरोबर नाचता यावं म्हणून मी मरता मरता वाचलो. लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर खूप बरंही वाटलं. दोन्ही एकदम.

आरती झाली. शेवटपर्यंत न खेळल्यामुळे आम्हाला लहाणी नव्हती. बटुकभाईंनी लहान मुलांच्यातली उरलेली एक आणून दिली. कंपासपेटी. दोघांत एक.

मग रंजननं पर्समधून पुडी काढली. गाठिया, तळलेल्या मिरच्या, किसलेल्या कच्च्या पपईचा संभारो. मी म्हटलं, बेसन आहे, डाएट. ती म्हणाली, खा.
खाल्ला. मीठ जरा जास्त होतं. बोललो नाही.