काना गावातला खोकला

बुधवार, १७ नोव्हेंबर १९९९
नाशिक रोड

पवित्र भूमीच्या यात्रेहून येऊन आठ दिवस झाले. ह्यांना एकदाही खोकला आलेला नाही. मी कान लावून बसलेय, खोटं कशाला लिहू?

तिथं गालीलातल्या काना गावी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी आमच्या ग्रुपमधली सगळी जोडपी उभी केली. प्रभू जिथं लग्नाला गेला होता, तिथं लग्नाच्या शपथा पुन्हा घ्यायच्या. एकतीस वर्षांनी ह्यांनी चारचौघांत माझा हात धरला, मलाच मेलीला लाज वाटली. सुखात, दुःखात, आजारपणात, सगळं ह्यांनी खणखणीत म्हटलं. "इतर सर्वांना सोडून केवळ हिच्याशीच" आलं आणि ह्यांना खोकला लागला. पाळकसाहेब पुढं गेले. ते वाक्य राहूनच गेलं.

खोकला काय, कुणालाही येतो. धूळ होती तिथं. मग बाकी कुणाला कसा नाही आला? आणि मान का खाली घातली?

विचारायचं तरी कसं? इतक्या वर्षांत कधी संशय घेतला नाही, आणि घेतला तो देवाच्या दारात.

आज संध्याकाळी पाळकसाहेब घरी आले. जे यात्रेला येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी रविवारी उपासनेत, सगळ्या मंडळीसमोर, आम्ही दोघांनी त्याच शपथा पुन्हा म्हणायच्या, असं म्हणाले. मी लगेच हो म्हणाले. बघत मात्र ह्यांच्याकडे होते.

पाळकसाहेब गेल्यावर चहाचा कप खाली ठेवत हे म्हणाले, "अगं, घसा धरल्यासारखा वाटतोय. रविवारपर्यंत पार बसणार बहुतेक."