ईटच्या शिवारात मातीला पाणी कोण पाजतं?

ईट, वैशाख शुद्ध दशमी

साडूभाऊ वैजनाथराव यांस उमाशंकरचा आदरपूर्वक (आणि सवयीनं) नमस्कार.

इथं आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे एकमेकांवर नजर ठेवून आहोत. तुमचा गुडघा कसा आहे ते कळवा. लोहाऱ्याच्या डॉक्टरांचं मत नको, गुडघ्याचं कळवा. तुमची कन्या समृद्धी सुखरूप आहे, मावशीच्या हातची धपाटी खाते, पण चार दिवस झाले, घास तोंडात धरून छताकडं बघत बसते. त्याचं कारण सांगण्यासाठीच हे पत्र.

माघात तिनं तिच्या विद्यापीठाच्या प्रबंधासाठी आमच्या पडीक तुकड्यात यंत्र मांडलं. मातीत रुतवलेलं एक कडं, त्यावर आपोआप उघडझाप करणारा पांढरा डबा, शेजारी ओल मोजणारी तार. हा डबा म्हणे मातीचा श्वास मोजतो. पंचवीस वर्षं संस्कृत शिकवताना श्वास घेणारी माती मला एकाही ग्रंथात भेटली नाही, त्यामुळं मी पहिल्या दिवसापासून संशय धरून होतो. पोरीनं शांतपणे समजावलं (शांतपणा आईकडून आला असावा). कोरड्या मातीत असंख्य सूक्ष्म जीव निपचित पडलेले असतात. पाणी लागलं की ते जागे होतात, मातीतला कुजका पाला खातात आणि त्यातला कार्बन वायुरूपानं हवेत सोडतात. हवेत तो साठत गेला की उष्णता कोंडते, तापलेली हवा जास्त वाफ धरून ठेवते, मग पाऊस महिना महिना तोंड दाखवत नाही आणि आला की एका दुपारीत सगळं उरकून वरची माती घेऊन जातो. झाडं तो कार्बन परत ओढून घेतात खरी, पण पानाच्या ज्या छिद्रांतून कार्बन आत येतो त्यांतूनच पाणी बाहेर जातं. म्हणून पाण्याची चणचण झाली की झाड छिद्रं मिटून घेतं आणि कार्बन दाराबाहेरच राहतो. तात्पर्य, पाणी आणि कार्बन हे एकमेकांचे साडू आहेत. एकाचं काही बदललं की दुसऱ्याला चैन पडत नाही आणि भुर्दंड मात्र सगळ्या घराला. (हा दृष्टान्त माझा. तिनं वहीत उतरवून घेतला नाही.)

आता मुद्द्यावर येतो. फाल्गुन लागल्यापासून आभाळातून थेंब नाही. तरीही अकरा वेगवेगळ्या सकाळी तार म्हणते ओल वाढली आणि डबा म्हणतो मातीनं दणकून श्वास सोडला. तिच्या सरांनी कळवलं आहे की हे पाणी कुणी आणि कोणत्या दिवशी घातलं याचा खुलासा आठ दिवसांत आला नाही, तर सगळ्या नोंदी बाद. म्हणजे पोरीचं वर्ष पाण्यात.

मी तातडीनं चौकशी हाती घेतली. पहिला संशयित शेजारचा बलभीम, कारण त्याची शेरडं बांधावरून जातात आणि तो मला पाहून विनाकारण हसतो. तर म्हणाला, "गुरुजी, माझ्या शेरडास्नी प्यायला पाणी न्हाय, अन् तुमच्या डब्याला पाजतो व्हय?" उत्तर चोख होतं, म्हणून संशय वाढला. दुसरी संशयित तुमची मेहुणी. तांदूळ धुतलेलं पाणी कुठं टाकतेस, एवढंच मी विचारलं. तारामती म्हणाली, "अर्ध्या कोसावर नेऊन टाकते, डोक्यावर हंडा घेऊन. लिहून घ्या." मी लिहून घेतलं. तपास चालू आहे. तोवर तुम्ही पोरीला फोन करून धीर द्यावा.

तुमचा,
उमाशंकर

ता.क. कागद उरला आहे म्हणून लिहितो. पाणी मी घालत होतो. पोरीचं सांगणं हे शब्दप्रमाण, मला प्रत्यक्ष हवं होतं. म्हणून एका सकाळी तांब्याभर पाणी कड्यात ओतलं आणि डब्यावरचा आकडा बघता बघता चौपट झाला. वैजनाथराव, आमची पडीक जमीन माझ्यादेखत निःश्वास टाकत होती! एकदा पाहिलं तो भ्रम असू शकतो, म्हणून दुसऱ्यांदा ओतलं. दोनदा घडलं तो योगायोग असू शकतो, म्हणून तिसऱ्यांदा. त्यापुढची कारणं आता आठवत नाहीत. आज दुपारी पोरीपुढं कबूल झालो. रागावली नाही, एवढंच म्हणाली, "काका, तारखा आहेत का?" सगळे दिवस नक्की कळले तर नासाडीचा म्हणे प्रयोग होतो आणि सर नोंदी मान्य करतात. मी दर वेळी पंचांगात तिथीवर टिंब दिलं होतं.

ता.ता.क. पंचांगातली टिंबं नऊ भरली. डब्याचे श्वास अकरा आहेत. उरलेले दोन चैत्र वद्य षष्ठी आणि सप्तमीचे, आणि त्या दोन्ही दिवशी तुम्ही आमच्याकडं मुक्कामाला होता. समृद्धीला तुमच्यावर संशय घ्यायला लाज वाटते, बाप आहात. मला वाटत नाही. किती तांबे ओतले ते उलट टपाली कळवा. मी नऊ दिवस कबूल केले आहेत, तुम्हाला दोन जड जाऊ नयेत.